कार्लाइलचा १९१२चा हंगाम : एक संहिता आणि तिचे लेखक

खेळाचा हंगाम ही मुळात आकड्यांची गोष्ट असते. किती सामने, किती विजय, किती गुण, एवढे सांगितले की ती संपते, असे आपण समजतो. परंतु काही हंगाम असे असतात की त्यांतील आकड्यांबद्दल फारसा वाद नसतो आणि अर्थाबद्दल मात्र शतकभर वाद चालू राहतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचे एक गाव आहे. तेथील 'कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल' ह्या संस्थेच्या फुटबॉल संघाचा १९१२चा हंगाम हा अशांपैकी एक होय. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही तो मांडतो आहोत तो खेळाच्या प्रेमापोटी नव्हे. एखादी घटना संहिता कशी बनते, त्या संहितेवर कोणाकोणाचा हात फिरतो आणि जे प्रत्यक्ष खेळले त्यांचा आवाज तिच्यात कोठे उरतो, हे प्रश्न वर्गात आपण कादंबरीच्या संदर्भात नेहमी विचारतो. ह्या हंगामाच्या संदर्भातही ते तितक्याच निकडीने उभे राहतात.

प्रथम संस्थेविषयी. कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट ह्या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली, लष्कराच्या जुन्या छावणीतच, ही निवासी शाळा स्थापन केली. अमेरिकेच्या मूलनिवासी जमातींतील मुलामुलींना त्यांच्या घरांपासून शेकडो कोस दूर आणायचे, त्यांचे केस कापायचे, कपडे बदलायचे, नावे बदलायची, मातृभाषा बोलण्यास मज्जाव करायचा आणि इंग्रजी व एखादे हस्तकौशल्य शिकवून त्यांना गोऱ्या समाजात मिसळून टाकायचे, हा तिचा कार्यक्रम होता. माणूस वाचवायचा असेल तर त्याच्यातील 'इंडियन' मारला पाहिजे, असे प्रॅटने १८९२ साली एका भाषणात उघडपणे सांगितले होते. हा मनुष्य स्वतःला मूलनिवासींचा हितचिंतक समजत होता, आणि त्याच्या काळातील अनेकांच्या तुलनेत तो तसा होताही. जमातींचा संहार व्हावा असे म्हणणाऱ्यांना त्याचे उत्तर होते की ही माणसे शिकू शकतात. मात्र ह्या शिक्षणाची किंमत म्हणून त्याने जे मागितले ते संस्कृतीचे मरण होते. मेकॉलेचे १८३५चे टिपण वाचून वसाहतकालीन शिक्षणाचा विचार करणाऱ्या मराठी अभ्यासकाला ह्या विचाराची जात ओळखीची वाटेल. फरक इतकाच की मेकॉलेला मध्यस्थांचा एक वर्ग घडवायचा होता, तर प्रॅटला भेदच पुसून टाकायचा होता आणि त्यासाठी त्याने मूल घरातून उचलले.

कार्लाइलचा दस्तऐवज फार मोठा आहे आणि तो बहुतांशी शाळेनेच निर्माण केलेला आहे. जॉन चोएट ह्या छायाचित्रकाराने विद्यार्थ्यांची जोड छायाचित्रे काढली. एक शाळेत आल्या वेळचे, दुसरे काही काळाने घेतलेले. पहिल्यात लांब केस व जमातीचा पोशाख, दुसऱ्यात कोट आणि भांग. टॉम टोर्लिनो ह्या नावाहो विद्यार्थ्याची अशी जोडी विशेष प्रसिद्ध आहे. शाळेचा छापखाना होता, तेथे विद्यार्थीच खिळे जुळवीत, आणि तेथून निघणारी नियतकालिके देशभर जात. म्हणजे ही संस्था प्रारंभापासून स्वतःचे कथन स्वतः लिहीत होती. ह्या कथनाला 'पूर्वी' आणि 'नंतर' अशी दोनच प्रकरणे होती. मधले प्रकरण, म्हणजे मुलाच्या मनात काय घडले ते, छायाचित्रात येत नव्हते. ते पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर आणि झिट्काला-शा ह्यांच्या लेखनात आले. स्टँडिंग बेअर हा १८७९च्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. फळ्यावर लिहिलेल्या, आपल्याला वाचता न येणाऱ्या नावांपैकी एकावर काठी ठेवून त्याने 'ल्यूथर' हे नाव घेतले, हा प्रसंग त्याने १९२८च्या आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. झिट्काला-शा ही कार्लाइलमध्ये शिक्षिका होती. तिने १९०० साली 'अटलांटिक मंथली'त प्रसिद्ध केलेले आत्मपर लेख निवासी शाळांच्या हेतूवरच प्रश्नचिन्ह लावतात.

फुटबॉल ह्या संस्थेत आला तो काहीसा आडवाटेने. एका विद्यार्थ्याचा पाय मोडल्यावर प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळण्यास बंदी घातली होती. १८९३च्या सुमारास मुलांनी ती उठवण्याची विनंती केली आणि त्याने दोन अटींवर मान्यता दिली : मैदानावर कोणी कितीही डिवचले तरी हात उगारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातील सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवायचे. पहिल्या अटीत त्याचे शैक्षणिक धोरण होते. मूलनिवासी मनुष्य रागाच्या भरात हिंसक होतो, हा गोऱ्या प्रेक्षकाचा समज खोडून काढण्याची जबाबदारी त्याने मार खाणाऱ्यावर टाकली.

येथे ह्या खेळाबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. अमेरिकन फुटबॉल हा पायाने कमी आणि अंगाने अधिक खेळला जाणारा खेळ. लांबट चेंडू हातात घेऊन समोरच्या अकरा जणांना भेदत पुढे सरकायचे. ठरावीक प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाही तर प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या हद्दरेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन होतो. थोडक्यात, जमीन मिळवण्याचा आणि राखण्याचा हा खेळ आहे आणि ती जमीन साखळीने मोजली जाते. ज्या जमातींच्या जमिनी १८८७च्या डॉझ कायद्याने तुकडे पाडून मोजल्या गेल्या आणि उरलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना खुल्या झाल्या, त्यांच्या मुलांनी हा खेळ खेळावा, हा योगायोग कोणाही समीक्षकाला मोहात पाडील. हे रूपक फार ताणू नये असे आम्हांला वाटते. तथापि ते आमचे नाही. तत्कालीन प्रेक्षक आणि पत्रकार ह्याच रूपकातून हे सामने पाहत होते.

त्याचा एक महत्त्वाचा साक्षीदार साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. 'द रेड बॅज ऑफ करेज' ही युद्धकादंबरी लिहिणाऱ्या स्टीफन क्रेनने १८९६ साली हार्वर्ड आणि कार्लाइल ह्यांच्यातील सामन्याचे वृत्त 'न्यूयॉर्क जर्नल'साठी लिहिले. हार्वर्डने तो सामना ४-० असा जिंकला. क्रेनने मूलनिवासी खेळाडूंच्या मनात शतकांच्या अन्यायाचा हिशेब चालू असल्याचे उपरोधिक थाटात कल्पिले. त्याच्या उपरोधाचा रोख बराचसा गोऱ्या प्रेक्षकाकडे आहे, हे खरे. पण त्या खेळाडूंना काय वाटत होते हे त्याने लिहिले ते आपल्या कल्पनेने, आणि पुढची वीस वर्षे कार्लाइलविषयीच्या वृत्तलेखनाची हीच रीत राहिली. सामना म्हणजे 'युद्धमोहीम', विजय म्हणजे 'कत्तल', गुण म्हणजे सोललेल्या टाळूचे केस, ही शब्दकळा इतकी रुळली की ती वापरताना कोणाला काही वावगे वाटेनासे झाले. गंमत अशी की ह्याच काळात मैदानावर प्रत्यक्ष माणसे मरत होती ती अन्य महाविद्यालयांच्या सामन्यांत. १९०५च्या हंगामात अठराच्या आसपास खेळाडू दगावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. १९०६ साली चेंडू हवेतून पुढे फेकण्यास मुभा मिळाली आणि निव्वळ धक्काबुक्कीचा खेळ मोकळा होऊ लागला.

ह्या मोकळेपणाचा सर्वांत चांगला उपयोग कार्लाइलने केला. त्यांचे खेळाडू वजनाने हलके होते. वेग आणि हुलकावणी ही त्यांची शस्त्रे. प्रशिक्षक ग्लेन 'पॉप' वॉर्नर १८९९ ते १९०३ आणि पुन्हा १९०७ ते १९१४ असा त्यांच्याबरोबर होता. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध एका खेळाडूच्या सदऱ्यात पाठीमागे चेंडू लपवून त्यांनी संपूर्ण मैदान पार केले. सामना मात्र १२-११ असा हार्वर्डने जिंकला. १९०७ साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला लांब फेकींच्या जोरावर २६-६ असे हरवले. १९११ साली हार्वर्डलाच १८-१५ असे नमवले, तेव्हा जिम थॉर्पने चार वेळा चेंडू खांबांमधून मारला होता. ह्या युक्त्यांना वर्तमानपत्रे 'इंडियन धूर्तपणा' म्हणत. येल किंवा प्रिन्स्टनने तेच केले असते तर त्याला बुद्धिमत्ता म्हटले गेले असते, हे निराळे सांगावयास नको.

१९१२ साली नियम पुन्हा बदलले. टचडाउनचे मूल्य पाचावरून सहावर गेले, दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, मैदान शंभर यार्डांचे झाले आणि पुढे फेकलेल्या चेंडूवरची वीस यार्डांची मर्यादा गेली. आजचा अमेरिकन फुटबॉल बऱ्याच अंशी ह्या वर्षी जन्मला. त्याच उन्हाळ्यात कार्लाइलचे दोन विद्यार्थी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमधून परतले होते. सॅक अँड फॉक्स जमातीच्या जिम थॉर्पने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ह्या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली होती. होपी जमातीच्या लुईस तेवानिमाला दहा हजार मीटर धावण्यात रौप्यपदक मिळाले होते. तेवानिमाची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९०७ साली त्याला कार्लाइलमध्ये आणले गेले ते विद्यार्थी म्हणून कमी आणि सरकारी धोरणाला विरोध करणाऱ्या गटातला एक कैदी म्हणून अधिक. त्या माणसाने देशासाठी पदक आणले, आणि त्याच वर्षी तो आपल्या गावी मेंढ्यांकडे आणि शेताकडे परत गेला.

आता हंगामाकडे वळू. चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक पराभव. सप्टेंबरमध्ये छोट्या महाविद्यालयांवर दणदणीत विजयांनी प्रारंभ झाला. ऑक्टोबरच्या आरंभी वॉशिंग्टन अँड जेफरसन महाविद्यालयाने त्यांना ०-० असे रोखले. त्यानंतर सिराक्यूजवर ३३-०, पिट्सबर्गवर ४५-८, जॉर्जटाउनवर ३४-२० असे विजय मिळाले. जॉर्जटाउननंतर दोनच दिवसांनी संघ कॅनडात टोरोंटो विद्यापीठाविरुद्ध खेळत होता, आणि तेथून परतल्यावर त्याच आठवड्यात लीहायला ३४-१४ असे हरवत होता. ही यादी आम्ही देतो आहोत ती पराक्रमासाठी नव्हे. ह्या वेळापत्रकाकडे पाहावे. बहुतेक मोठे सामने परगावी, कारण प्रेक्षक आणि तिकिटांचे पैसे तिकडे. मुले आगगाडीतून उतरत, खेळत आणि पुन्हा आगगाडीत बसत. त्यांच्या अंगमेहनतीवर शाळेचा क्रीडानिधी उभा राहत होता. हा मुद्दा पुढे येणार आहे म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथे कार्लाइलची गाठ लष्करी अकादमीच्या संघाशी पडली. वंडेड नी येथे अमेरिकेच्या लष्कराने लाकोटा स्त्रीपुरुषांची आणि मुलांची हत्या केली, त्यास तेव्हा बावीसच वर्षे झाली होती. सामन्यापूर्वी वॉर्नरने आपल्या खेळाडूंना, तुमच्या बापजाद्यांशी ज्यांच्या बापजाद्यांनी लढाया केल्या तेच हे, अशा अर्थाचे आवाहन केले असे सांगितले जाते. मध्यंतराला कार्लाइलकडे ७-६ अशी निसटती आघाडी होती. उत्तरार्धात लष्कराचा कर्णधार लेलंड डेव्होर ह्याला जो गायॉन ह्या ओजिब्वे खेळाडूवर हात टाकल्याबद्दल मैदानाबाहेर काढण्यात आले. अलेक्स आर्कासाने तीन टचडाउन केले, गस वेल्चने संघाचा डाव चालवला, थॉर्पने मैदान गाजवले आणि कार्लाइलने २७-६ असा विजय मिळवला. पराभूत संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण छात्र होता. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला हा गृहस्थ थॉर्पला कधी विसरला नाही.

प्रॅटची जुनी अट आणि ह्या सामन्यातील हा तपशील शेजारी ठेवून पाहावा. संयम सुटला तो भावी सेनाधिकाऱ्यांच्या कर्णधाराचा. 'सभ्य' आणि 'रानटी' ही जी विभागणी शाळेच्या पायात घातली होती, ती त्या दिवशी हजारो प्रेक्षकांसमक्ष उलटी झाली. परंतु वृत्तलेखनाची भाषा बदलली नाही. वंशाच्या नावाने खेळाचे वर्णन करण्याची सवय विजयानेही सुटत नाही. पराभवात ज्याला दुबळेपणा म्हणायचे त्याला विजयात उपजत वृत्ती म्हणायचे, एवढाच फरक पडतो.

पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना ३४-२६ असे हरवले. लोकप्रिय कथनांत हा पराभव सहसा घाईने ओलांडला जातो, कारण तो वेस्ट पॉइंटच्या सुबक शेवटाला बाधा आणतो. प्रत्यक्षात हंगाम तसाच चालू राहिला. स्प्रिंगफील्डवर ३०-२४ असा निसटता विजय, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, ब्राउन विद्यापीठावर ३२-०. वसाहतकार आणि मूलनिवासी ह्यांच्या सहभोजनाची कथा ज्या सणाभोवती गुंफली गेली आहे, त्या दिवशी थॉर्प कार्लाइलसाठी शेवटचा सामना खेळला. त्या वर्षी त्याच्या नावावर रूढ नोंदीनुसार २५ टचडाउन आणि १९८ गुण आहेत. नंतरच्या मोजण्यांत हे आकडे वाढतात.

येथपर्यंतची गोष्ट दोन प्रकारे वाचली गेली आहे. पहिले वाचन शाळेचे. ह्या वाचनात हंगाम हे 'नंतर'चे छायाचित्र ठरते : पाहा, आमच्या शिक्षणाने हे मुलगे हार्वर्डच्या मुलांच्या बरोबरीला आले. दुसरे वाचन उत्तरकालीन आणि अधिक सहानुभूतीचे. त्यात हंगाम म्हणजे पराभूतांचा सूड, रणांगणावर गमावलेले मैदानावर परत मिळवणे. आजचा वाचक साहजिकच दुसऱ्या वाचनाकडे झुकतो. आमचे म्हणणे असे की ही दोन्ही वाचने एकाच रीतीची आहेत. दोन्हींत खेळाडू दुसऱ्याच्या कथेतले पात्र आहे. एकात तो कृतज्ञ शिष्य, दुसऱ्यात सूड घेणारा योद्धा. क्रेनने १८९६ साली उपरोधाने जे कल्पिले तेच दुसरे वाचन गांभीर्याने कल्पिते. खेळाडूंना सूडाची भावना नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण वीस वर्षांच्या मुलाला एखादा खेळ आवडू शकतो, त्यात तो निष्णात होऊ शकतो आणि त्या कौशल्याचा त्याला स्वतःपुरता आनंद होऊ शकतो, ही साधी शक्यता दोन्ही वाचनांतून निसटते.

मग खेळाडूंनी स्वतः काय लिहिले? ह्या प्रश्नापाशी हा हंगाम खऱ्या अर्थाने साहित्याच्या अभ्यासकाच्या हाती येतो. कारण हंगामानंतरच्या सव्वा वर्षात कार्लाइलमधून दोन मजकूर बाहेर पडले, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिला मजकूर जानेवारी १९१३चा. थॉर्पने १९०९ आणि १९१० साली नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे वृत्त एका वर्तमानपत्राने छापले. त्या काळी ऑलिंपिक खेळाडू 'हौशी' असणे बंधनकारक होते. अनेक महाविद्यालयीन खेळाडू उन्हाळ्यात टोपणनावाने असे खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता. हौशी क्रीडा संघटनेला त्याच्या सहीचे एक पत्र गेले. त्यात त्याने खेळल्याचे मान्य केले, आपण एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, असल्या गोष्टी आपल्याला ठाऊक नव्हत्या, असे सांगून क्षमा मागितली. हे पत्र लिहिण्यामागे वॉर्नरचा हात होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा फायदा उघड आहे : सारा दोष विद्यार्थ्याच्या अज्ञानावर जातो, प्रशिक्षक आणि शाळा मोकळी राहते. येथे 'साधा इंडियन शाळकरी मुलगा' हे पात्र पंचविशीच्या आसपासच्या, जग पाहून आलेल्या पुरुषाला बहाल केले गेले. ज्या शाळेने तेहतीस वर्षे जगाला सांगितले की आम्ही ह्यांना अज्ञानातून वर काढतो, तिने अडचणीच्या क्षणी आपल्या सर्वांत ख्यातनाम विद्यार्थ्याच्या अज्ञानाचाच आधार घेतला. पदके परत गेली. स्पर्धेच्या नियमांनुसार आक्षेप तीस दिवसांत नोंदवणे आवश्यक होते आणि ती मुदत केव्हाच टळली होती. हे कोणी लक्षात घेतले नाही.

ह्या पत्राच्या भाषेचा विचार करताना आणखी एक व्यक्ती आठवते. १९११ पासून काही वर्षे कार्लाइलच्या व्यापारी विभागात टंकलेखन, लघुलेखन, हिशेब आणि व्यावसायिक इंग्रजी हे विषय शिकवणारी तरुण शिक्षिका म्हणजे पुढे आधुनिक अमेरिकन कवितेतील एक प्रमुख नाव ठरलेली मेरिअन मूर. थॉर्प तिचा विद्यार्थी होता. उतारवयात दिलेल्या मुलाखतीत तिने त्याच्या सौजन्याची आठवण आदराने सांगितली आहे. मूर आयुष्यभर खेळांची चाहती राहिली, १९६८ साली यँकी स्टेडियमवर हंगामाचा पहिला चेंडूही तिने टाकला. तिच्या कवितेतील नेमकेपणाशी कार्लाइलचा काही संबंध जोडण्याचा उद्योग आम्ही करणार नाही. आम्हांला एवढेच नोंदवायचे आहे की त्या शाळेत पत्रे कशी लिहावीत हे शिकवले जात होते आणि विद्यार्थ्यांना ती लिहिता येत होती.

ह्याचा पुरावा दुसऱ्या मजकुरात आहे. काही महिन्यांतच कार्लाइलच्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्या करून सरकारकडे तक्रारअर्ज पाठवला. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत गस वेल्च होता, म्हणजे वेस्ट पॉइंटवर संघाचा डाव चालवणारा तोच खेळाडू. १९१४च्या आरंभी अमेरिकन काँग्रेसच्या संयुक्त आयोगाने कार्लाइलमध्ये येऊन साक्षी घेतल्या. निकृष्ट अन्न, एका मुलीला झालेली मारहाण, शिस्तीच्या नावाखाली चालणारी हडेलहप्पी आणि क्रीडानिधीचा कारभार, असे विषय पुढे आले. सामन्यांच्या उत्पन्नातून खेळाडूंना पैसे व वस्तू मिळत होत्या आणि संघाची प्रसिद्धी करणाऱ्या मजकुरावरही खर्च होत होता. वेल्चने आपल्या साक्षीत वॉर्नरच्या क्रीडाज्ञानाची कदर केली आणि त्याच्या चारित्र्याबद्दल स्पष्ट शब्दांत प्रतिकूल मत दिले. ह्या चौकशीनंतर अधीक्षक मोझेस फ्रिडमन पदावरून गेला. वॉर्नर १९१५ साली पिट्सबर्ग विद्यापीठात रुजू झाला आणि तेथे त्याने आणखी कीर्ती मिळवली.

हे दोन मजकूर एकत्र वाचले पाहिजेत. एकाखाली एक सही आहे, पण आवाज बव्हंशी दुसऱ्याचा. दुसऱ्याखाली दोनशेहून अधिक सह्या आहेत आणि आवाज त्यांचा स्वतःचा. पहिल्यात इंग्रजी भाषा विद्यार्थ्याला लहान करण्यासाठी वापरली गेली. दुसऱ्यात त्याच शाळेने सक्तीने शिकवलेल्या त्याच भाषेत विद्यार्थ्यांनी शाळेचा जाब विचारला. वसाहतीच्या भाषेचे हे दुहेरी वर्तन आपल्या अभ्यासक्रमात अनेकदा येते, परंतु तेथे ते बहुधा थोर लेखकांच्या निमित्ताने येते. येथे ते अर्जाच्या रूपात आहे. भोजनगृहातील अन्नाबद्दल आणि पैशांच्या हिशेबाबद्दल बोलणारा अर्ज. त्यात ना टाळूचे केस आहेत, ना युद्धाच्या आरोळ्या, ना कृतज्ञता. आमच्या मते १९१२च्या हंगामाविषयी त्या मुलांना काय वाटत होते हे जाणण्याच्या दृष्टीने, वृत्तपत्रांतील शेकडो स्तंभांपेक्षा हा अर्ज आणि त्या साक्षी अधिक विश्वसनीय आहेत. आपण खेळतो, त्यातून पैसा उभा राहतो, तो कोठे जातो, हा प्रश्न विचारणारा मनुष्य कोणाच्या मिथकातले पात्र असत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. कार्लाइल १९१८ साली बंद झाले. थॉर्प व्यावसायिक बेसबॉल आणि फुटबॉल खेळला, १९२० साली स्थापन झालेल्या आणि पुढे नॅशनल फुटबॉल लीग म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला आणि हलाखीत १९५३ साली वारला. १९५१ साली त्याच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटात त्याची भूमिका बर्ट लँकेस्टर ह्या गोऱ्या नटाने केली. १९८२ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला पुन्हा विजेता मानले, पण संयुक्त विजेता. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागण्यास २०२२ साल उजाडले. तेवानिमाचे १९१२चे रौप्यपदक हीच दहा हजार मीटरमध्ये १९६४ पर्यंत अमेरिकेची ऑलिंपिकमधील सर्वोत्तम कामगिरी राहिली आणि ती मागे टाकणारा बिली मिल्स हाही मूलनिवासी, लाकोटा जमातीचा होता. वेल्च वकील झाला, फुटबॉल प्रशिक्षकही झाला, आणि हॅस्केल ह्या मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या संस्थेतही त्याने काही काळ शिकवले.

कार्लाइलच्या आवारात एक दफनभूमी आहे. शाळेत असताना मृत्यू पावलेल्या मुलांच्या तेथे पावणेदोनशेहून अधिक कबरी होत्या. अलीकडच्या काळात जमातींनी आपल्या मुलांचे अवशेष परत नेण्यास प्रारंभ केला आहे. २०२१ साली रोझबड येथील लाकोटा समाजाने नऊ मुलांना घरी नेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यक्ष जो बायडेन ह्यांनी निवासी शाळांच्या धोरणाबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कार्लाइलचा परिसर राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. ह्या कबरींपासून जवळच ती मुले सराव करीत असत. फुटबॉलच्या यशाची गाथा सांगताना ही दफनभूमी बाजूला ठेवता येत नाही, आणि दफनभूमीची कथा सांगताना त्या मुलांनी मैदानावर अनुभवलेला आनंद नाकारणेही अन्यायाचे ठरेल.

अध्यापक म्हणून आम्हांला ह्या हंगामाचे महत्त्व वाटते ते ह्यामुळे. दलित, आदिवासी, स्त्रीवादी साहित्य शिकवताना 'आवाज' हा शब्द आपण फार सहज वापरतो. अमक्याला आवाज मिळाला, तमक्याने आवाज दिला. कार्लाइलच्या मुलांना आवाज होताच. त्यांना तो क्रेनने दिला नाही, वॉर्नरने दिला नाही, चित्रपटानेही दिला नाही. तो सरकारी दप्तरात, एका अर्जाखालच्या सह्यांत आणि साक्षीच्या नोंदींत पडून होता. तो वाङ्मय नाही म्हणून वाचला गेला नाही. विद्यार्थ्यांना थॉर्पचे पत्र आणि विद्यार्थ्यांचा अर्ज एकत्र वाचावयास द्यावा, आणि दोन्हींचे लेखक कोण, हा प्रश्न विचारावा. लेखकत्वाच्या सिद्धान्ताची चर्चा त्यानंतर सुरू केली तरी चालेल.